कोटिक्यूलवर वस्तऱ्याला धार लावताना

कोटिक्यूल पहिल्यांदा हातात घेतला की हा धार लावायचा दगड आहे यावर विश्वास बसत नाही. फिकट पिवळा रंग, लोण्यासारखा गुळगुळीत पृष्ठभाग, बोट फिरवलं तर कुठे खरखर नाही. कुरुंदाच्या दगडाची सवय असलेल्याला तर हा पोलादाला ओरखडाही काढेल असं वाटणार नाही. पण युरोपातल्या न्हाव्यांनी कित्येक पिढ्या आपले वस्तरे यावरच पाजले. आजही उघड्या वस्तऱ्याने दाढी करणारे लोक या दगडासाठी जीव टाकतात, कारण त्याची धार गालावर फार मऊ चालते. कापते नीट, पण ओरबाडत नाही.

ज्यांनी नुकताच खरा वस्तरा घेतला आहे, म्हणजे अर्धं ब्लेड बदलायचा सलूनमधला नव्हे तर पोलादी पात्याचा, आणि ज्यांच्या हातात कोटिक्यूल आला आहे किंवा येणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. आपल्याकडे एकेकाळी न्हाव्याच्या धोकटीत वस्तरा, निसणा आणि चामड्याचा पट्टा असायचाच. आता ते ज्ञान डोळ्यांसमोर शिकायला मिळणं कठीण झालं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. कृत्रिम दगडांवर आकडा असतो: १०००, ५०००, ८०००. जितका मोठा आकडा तितका बारीक दगड, आणि तुम्ही एकामागून एक दगड बदलत जाता. कोटिक्यूलला असा आकडा नाही. हा एकच दगड जाडही चालतो आणि बारीकही, आणि तो कसा चालेल हे तुम्ही त्यावर किती पाणी घालता त्यावर ठरतं. ही गोष्ट कळली की बाकीचं सगळं सरावाने येतं. ती कळली नाही तर महिनोन्‌महिने घासूनही दाढी ओढली जाते. मी स्वतः पहिले दोन महिने असेच घालवले.

दगडाच्या पोटात काय आहे

बेल्जियमच्या आग्नेय भागात आर्देनच्या डोंगराळ मुलखात साल्म नावाची छोटी नदी आहे. तिच्या खोऱ्यात व्हिएल्साम, साल्मशातो, लिएर्नो या गावांच्या आसपास हा दगड निघतो. साल्मशातोमध्ये कोटिक्यूलचं एक संग्रहालयही आहे. सुमारे ४८ कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळावर मँगनीजयुक्त चिखलाचे पातळ थर बसले, पुढे डोंगर घडताना ते दाबाखाली आणि उष्णतेत सापडले आणि त्यांचा हा दगड झाला. १८७० च्या दशकात अल्फोन्स रेनार या बेल्जियन भूवैज्ञानिकाने त्याची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली आणि त्यात कोट्यवधी बारीक गार्नेट दडलेले आहेत हे दाखवून दिलं. (हेच रेनार पुढे चॅलेंजर या ब्रिटिश संशोधन जहाजाने गोळा केलेल्या खोल समुद्रातल्या गाळाचा अभ्यास करणाऱ्यांपैकी एक होते.)

गार्नेट म्हणजे आपला तामडा. अंगठीत बसवतात तोच, पण इथे मँगनीजयुक्त जातीचा आणि डोळ्यांना न दिसणारा. एकेक कण साधारण ५ ते १५ मायक्रॉनचा. माणसाचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो. दगडाच्या एकूण आकारमानात सुमारे एक तृतीयांश हे कणच असतात, आणि ते मऊ अभ्रकाच्या गाऱ्यात बसवल्यासारखे असतात.

आता खरी गंमत. तामड्याचा कण अनेक पैलूंचा, जवळजवळ गोल असतो. त्याचे कोपरे काचेच्या तुकड्यासारखे टोकदार नसतात. त्यामुळे तो पोलादात खोल चर पाडत नाही, उथळ खरवड काढतो. कण १० मायक्रॉनचा असला तरी चर तेवढा खोल नसतो. कोटिक्यूलची धार मऊ लागते त्याचं मूळ इथे आहे.

दगड ओला करून नुसत्या पाण्यावर वापरला तर कण गाऱ्यात अडकलेले राहतात आणि त्यांचे फक्त माथे वर डोकावतात. काम फार हळू होतं, पण फार बारीक होतं. त्याच दगडावर दुसरा छोटा कोटिक्यूलचा तुकडा उगाळला, अगदी सहाणेवर चंदन उगाळतो तसा, तर कण सुटे होऊन पाण्यात मिसळतात आणि दुधासारखं गंध तयार होतं. या गंधात सुटे कण पात्याखाली गडगडत राहतात आणि पोलाद झपाट्याने खातात. पण हेच सुटे कण धारेच्या अगदी टोकावर समोरून येऊन आदळतातही. म्हणून दाट गंधावर पातं लवकर झिजतं, पण धार एका मर्यादेपलीकडे तीक्ष्ण होत नाही. कितीही घासा, तिथेच अडते.

पुढच्या सगळ्या पायऱ्या यातूनच निघतात. सुरुवात दाट गंधावर, मग थेंबाथेंबाने पातळ करत शेवट स्वच्छ पाण्यावर. जगभरचे हौशी लोक या पद्धतीला डिलुकॉट म्हणतात.

दगड घेताना

उघडा वस्तरा घरोघरी होता तोवर साल्मच्या खोऱ्यात या दगडावर अख्खी गावं जगत होती. किंग जिलेट यांना ब्लेड बदलायच्या रेझरचं पेटंट १९०४ मध्ये मिळालं आणि हळूहळू वस्तऱ्याची मागणीच ओसरली. जुन्या भुयारी खाणी एकेक करून बंद पडल्या. आज हा दगड थोड्या प्रमाणात नव्याने काढला जातो, एवढं तरी नशीब. जर्मनीतल्या थ्युरिंगियाचे किंवा क्योतोजवळच्या नाकायामाचे प्रसिद्ध दगड आता जुन्या साठ्यांतूनच मिळतात.

पिवळा थर जमिनीत फार पातळ असतो, बऱ्याचदा काही सेंटिमीटरच. त्याच्या दोन्ही बाजूंना जांभळट-निळा दगड असतो. पिवळ्या चकत्या ठिसूळ असल्याने त्या पाठीमागे दुसरा दगड चिकटवून विकतात. कधी पिवळा आणि निळा निसर्गतःच जोडलेला तुकडा मिळतो, तो दिसायला सुंदर आणि महाग. धारेला त्याने फरक पडत नाही. निळाही धारेचाच दगड आहे, पण त्यात तामडा कमी, म्हणून तो हळू चालतो. तो स्वस्त मिळतो म्हणून सुरुवातीला तोच घ्यावा असं सांगणारे भेटतील. माझं मत उलट आहे. नवख्या माणसाला हळू चालणारा दगड जास्त गोंधळात टाकतो, कारण काम होतंय की नाही हेच कळत नाही.

खाणीतल्या थरांना नावं आहेत: ला व्हेनेत, ला द्रेसान्त, ला ग्रोस ब्लांश वगैरे. जाणकार या नावांवर तासन्‌तास बोलतात. कुठला थर वेगाने चालतो, कुठला आपोआप गंध सोडतो, यात तथ्य आहे. पण पहिला दगड घेताना नावामागे धावू नका. एकाच थरातले दोन दगडही वेगळे वागतात, आणि तुमचा दगड तुम्हाला वापरूनच कळणार आहे.

आकाराबद्दल मात्र नक्की सांगतो. १५० मिलिमीटर लांब आणि ४० मिलिमीटर रुंद दगड वस्तऱ्याला पुरेसा आहे. ६० रुंदीचा ऐसपैस वाटतो, पण किंमत फार वाढते, आणि किंचित वाकड्या पात्याला अरुंद दगडच सोयीचा पडतो. वेड्यावाकड्या आकाराचे तुकडेही मिळतात. त्यांना ‘बू’ (फ्रेंचमध्ये तुकडा) म्हणतात. पैसे वाचवायचे असतील तर हातावर मावेल एवढा असा तुकडा घ्या, धार तितकीच चांगली लागते. ‘सिलेक्ट’ प्रतीचा दगड डागविरहित असतो इतकंच. निळ्या रेघा, तपकिरी ठिपके असलेला साधा दगड कामाला कमी नाही. फक्त पृष्ठभागावर नख अडकेल अशी भेग नको. दगडासोबत गंध काढायचा छोटा तुकडा आहे ना, हे विचारून घ्या.

बसण्याआधीची तयारी

दगड सपाट हवा. नवा दगडही पूर्ण सपाट असेलच असं नाही. ओट्याच्या कडप्प्यावर विसंबू नका, तो डोळ्यांना सपाट दिसतो पण नसतो. जाड काचेचा तुकडा घ्या, त्यावर ४०० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर ठेवा. दगडावर पेन्सिलने चौकटी आखा, भरपूर पाणी घेऊन घासा. सगळ्या रेघा एकसारख्या पुसल्या गेल्या की दगड सपाट झाला. एखाद्या कोपऱ्यात रेघ उरली तर तिथे खळगा आहे, घासत राहा. मग दगडाच्या चारी कडा त्याच कागदावर किंचित गोल करा. धारदार कडेवर पातं अडकलं तर एका क्षणात खाच पडते.

याशिवाय लागेल ते थोडंच: पाण्याची वाटी, एक काळा मार्कर, दहापट दाखवणारं घड्याळजीचं भिंग, वायरमनची चिकटपट्टी, आणि चामड्याचा पट्टा. पट्टा नसेल तर दगडाला हात लावू नका. पट्ट्यावाचून वस्तऱ्याची धार पूर्ण होत नाही.

दगड भिजत घालायचा नाही. वरून पाणी शिंपडलं की झालं. तेलही नको.

वस्तरा तपासा, मगच दगडावर ठेवा

वस्तऱ्याची रचना फार हुशारीची आहे. पात्याची जाड पाठ आणि धार, दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकतात. त्यामुळे कोन आपोआप ठरतो. बहुतेक वस्तऱ्यांत तो दोन्ही बाजू मिळून १६ ते १८ अंशांच्या आसपास येतो. चाकूसारखा कोन हाताने सांभाळावा लागत नाही. पण यात एक अट आहे: पाठ कधीही दगडावरून उचलायची नाही. अगदी बाजू बदलतानाही पातं पाठीवरून फिरवायचं, धारेवरून कधीच नाही.

पातं काचेवर आडवं ठेवून हलकेच दाबा. डगमगलं तर ते किंचित पिळलेलं आहे. बऱ्याच जुन्या वस्तऱ्यांत असं असतं आणि त्याने घाबरायचं कारण नाही. भिंगातून धार पाहा. खाचा असतील, किंवा गंजाचे खड्डे थेट धारेपर्यंत पोचले असतील, तर कोटिक्यूल हे त्याचं औषध नाही. तेवढं पोलाद आधी जाड कृत्रिम दगडावर काढावं लागेल. माझा पहिला वस्तरा मी जुन्या बाजारातून घेतला होता. एका बाजूची पाठ दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त झिजलेली होती आणि मला ते पाहायचं कसं हेच माहीत नव्हतं. त्या पात्यावर मी जी मेहनत केली तिच्यातून मी बरंच शिकलो, पण नवख्याने तो रस्ता घेऊ नये. पहिला वस्तरा सरळ, खाच नसलेला, पाठीवर दोन्हीकडे सारखी झीज असलेला घ्या.

हात कसा चालवायचा

दोन प्रकार शिकायचे आहेत.

पहिला म्हणजे येरझारा. पातं दगडावर आडवं, पाठ आणि धार टेकलेली, एका हाताने पात्याच्या मुठीकडच्या शेपटीजवळ धरलेलं आणि दुसऱ्या हाताचं एक बोट पात्यावर नुसतं ठेवलेलं. आणि नुसतं मागे-पुढे. तीस वेळा एका बाजूने, मग पाठीवरून फिरवून तीस वेळा दुसऱ्या बाजूने. हे फक्त सुरुवातीच्या जाड कामासाठी.

दुसरा तिरका हात. धार पुढे ठेवून पातं पुढे ढकलायचं आणि त्याच वेळी बाजूला ओढत न्यायचं, म्हणजे सुरुवातीला मुठीकडची टाच दगडावर असते आणि शेवटी टोक. मग पाठीवरून फिरवायचं आणि तसंच परत यायचं. दोन्ही बाजूंचा रस्ता मिळून इंग्रजी एक्स अक्षराचा आकार होतो. दगड अरुंद असला तरी या हाताने पात्याचा प्रत्येक भाग दगडाला लागतो, आणि पिळलेल्या पात्याचंही भागतं.

दाब किती? येरझाऱ्यांना पात्याच्या वजनापेक्षा थोडा जास्त. तिरक्या हाताला हळूहळू कमी करत शेवटी जवळजवळ नाहीच. वस्तऱ्याचं पातं आतून पोखरल्यासारखं पातळ असतं, दाबलं की वाकतं, आणि वाकलं की धार दगडावरून उचलली जाते. तुम्ही जितकं दाबाल तितकी धार कमी लागेल. आपल्याकडे ‘जोर लावून घास’ असं म्हणायची सवय आहे, ती इथे सोडावी लागते.

हात बसेपर्यंत मार्करची युक्ती करा. धारेच्या दोन्ही बाजूंना जी अरुंद चकचकीत पट्टी दिसते, तिला मी उतार म्हणतो. त्यावर मार्कर फिरवा, दोन-तीन तिरके हात मारा आणि पाहा. शाई टाचेपासून टोकापर्यंत सलग पुसली गेली तर हात बरोबर. टोकाशी उरली तर हात संपताना कोपर किंचित वर उचला. बहुतेकांची शाई टोकाशीच उरते.

पहिली पायरी: दाट गंध

दगडावर चमचाभर पाणी घ्या आणि छोटा तुकडा गोल गोल उगाळा. अर्धा-एक मिनिटात पाणी साईच्या दुधासारखं होतं. दह्यासारखं दाट नको, पातं त्यावर तरंगायला लागतं.

आता येरझारा. तीस-तीसच्या चार-पाच फेऱ्या करा आणि थांबून पाहा. गंध राखाडी होत गेलं तर पोलाद निघतंय. वाळायला लागलं तर बोटाने एक थेंब पाणी. वाळू द्यायचं नाही, हे पुन्हा सांगतो. पाणी उडालं की गंध नकळत दाट होतं आणि तुम्ही जिथे होता त्याच्या मागे जाता.

या पायरीचं काम एकच: दोन्ही बाजूंचे उतार एकमेकांना टाचेपासून टोकापर्यंत नेमके भेटले पाहिजेत. ते भेटले की नाही हे पाहायला पातं धुऊन, पुसून, हातावरच्या केसांवरून कातडीला लागून हलकेच फिरवा. टाच, मध्य, टोक, प्रत्येक ठिकाणी केस सहज निघाले पाहिजेत. एकाही ठिकाणी घसरलं तर पुढे जाऊ नका. धार बोटाने चाचपून पाहायची सवय मात्र आधीच मोडा. अंगठा धारेला आडवा ठेवून अलगद टेकवणं ठीक, लांबीच्या दिशेने कधीही नाही.

सगळे नवखे अडकतात ते इथेच. उतार नीट भेटलेले नसताना ते पातळ गंधाकडे जातात, मग पाण्याकडे, मग पट्ट्याकडे, आणि दाढी होत नाही म्हणून दगडाला दोष देतात. पातळ गंधाने आणि पाण्याने दाट गंधावरची चूक भरून निघत नाही. या पायरीला एक तास लागला तर लागू द्या. पातं फारच बोथट असेल तर हे काम १००० नंबरच्या कृत्रिम दगडावर करून घ्या आणि मग कोटिक्यूलवर या. त्यात कमीपणा काही नाही. कोटिक्यूलने सगळं करता येतं हे खरं, पण नव्या माणसाला एका वेळी एकच गोष्ट शिकायला मिळाली तर बरं.

दुसरी पायरी: थेंबाथेंबाने पातळ

सगळं कौशल्य या पायरीत आहे, म्हणून सावकाश वाचा.

पहिल्या पायरीचं गंध दगडावरच राहू द्या, धुऊ नका. फार दाट झालं असेल तर दोन-तीन थेंब पाणी घाला. आता येरझारा बंद, फक्त तिरका हात. प्रत्येक बाजूने पंधरा-वीस हात झाले की बोट वाटीत बुडवून दोन थेंब दगडावर सोडा, पात्यानेच ते पसरा, आणि पुन्हा पंधरा-वीस. परत दोन थेंब. असं आठ-दहा वेळा. दर वेळी दाब आधीपेक्षा थोडा कमी.

घाई झाली की काय होतं? एकदम भरपूर पाणी ओतलं तर गंध एका उडीत पातळ होतं, त्याची कापायची ताकद जाते, पण दाट गंधाने धारेच्या टोकाला जो गोलवा आणला आहे तो तसाच राहतो. पातळ गंधाला तो काढायला फार वेळ लागतो, नुसत्या पाण्याला तर जवळजवळ अशक्यच. म्हणून थेंबाथेंबाने. प्रत्येक टप्प्यावर सुटे कण थोडे कमी होतात, धारेवरचे आघात थोडे कमी होतात, आणि तरी उरलेल्या कणांत तो गोलवा काढण्याइतकी ताकद असते. धार अशी एकेक पायरी वर चढते.

आवाज आणि हात, दोन्ही काय सांगतात ते ऐका. दाट गंधावर मऊ, ओलसर खरखर ऐकू येते. पातळ होत जाताना ती बारीक होते, आणि शेवटाकडे पातं दगडाला किंचित चिकटल्यासारखं ओढलं जातं. ती चिकट ओढ म्हणजे सपाट उतार सपाट दगडावर पूर्ण टेकला आहे, ही चांगली खूण. पाण्याकडेही पाहा. पातं पुढे जाताना त्याच्यापुढचं पाणी धारेवरून पात्याच्या पोटावर चढायला लागतं. टाचेपासून टोकापर्यंत सलग चढत असेल तर धार सगळीकडे टेकते आहे. एखाद्या ठिकाणी पाणी धारेपुढेच ढकललं जात असेल तर तिथे अजून काम बाकी आहे.

शेवटी दगडावरचं पाणी ताकाच्या निवळीसारखं, अगदी किंचित धूसर उरतं. आता ही पायरी संपली.

तिसरी पायरी: स्वच्छ पाणी

दगड नळाखाली चांगला धुवा. पातंही धुवा, पाठीच्या खाचेत गंध अडकून राहतं ते बोटाने काढा (धारेपासून दूर राहून). दगडावर स्वच्छ पाणी घ्या आणि प्रत्येक बाजूने चाळीस-पन्नास तिरके हात, फक्त पात्याच्या वजनावर. बोटाने दिशा द्यायची, दाबायचं नाही.

काही दगड मऊ असतात आणि नुसत्या पाण्यावरही आपोआप गंध सोडतात. पाणी पुन्हा दुधी होताना दिसलं तर तुमचा दगड त्या जातीचा आहे. मग दर दहा हातांनी धुवा किंवा शेवटचे हात नळाच्या बारीक धारेखाली करा.

नवख्यांसाठी सोपी वाट

वरचं जमायला वेळ लागतो. दरम्यान दाढी तर करायची आहे. त्यासाठी चिकटपट्टीची एक पद्धत आहे, तिला युनिकॉट म्हणतात, आणि ती मी पहिल्या काही महिन्यांसाठी मनापासून सुचवतो. पहिली पायरी वरच्यासारखीच, नुसत्या पात्यावर. केस सगळीकडे निघायला लागले की गंध धुऊन टाका, पाठीवर वायरमनच्या चिकटपट्टीचा एक थर लांबीभर लावा. पाठ किंचित उंच झाली म्हणजे कोनही किंचित वाढला. आता फक्त धारेचं अगदी टोकच दगडाला लागेल. पातळ दुधी गंधावर प्रत्येक बाजूने तीसेक तिरके हात, मग धुऊन स्वच्छ पाण्यावर पन्नास. काम अगदी थोड्या पोलादावर करायचं असल्याने चूक व्हायला जागा कमी. धार जवळजवळ दर वेळी चांगली येते. पट्टी झिजून फाटली तर बदला, आणि पुढच्या वेळी धार ताजी करतानाही तेवढाच एक थर लावा, नाहीतर कोन जुळणार नाही.

पट्टा

दगडावरून उठलेलं पातं थेट गालाला लावू नका. आधी कापडी पट्ट्यावर चाळीस-पन्नास फेऱ्या, मग चामड्यावर साठ. इथे पाठ पुढे आणि धार मागे, दगडाच्या बरोबर उलट. पट्टा ताणून धरा, ढिला पडला की पातळ धार त्यात बुडून गोल होते. फिरवताना इथेही पाठीवरूनच.

त्यानंतर केसाची परीक्षा करता येते: डोक्याचा एक केस चिमटीत धरून धारेवर अलगद सोडायचा. तो तुटला तर छान. पण प्रत्येकाचा केस वेगळा, धुतलेला वेगळा, तेल लावलेला वेगळा. मी या परीक्षेवर फार भर देत नाही. खरी परीक्षा गालावर, साबण नीट भिजवून, कातडी ताणून, साधारण ३० अंशांच्या कोनात. पहिल्यांदा फक्त गाल करा, हनुवटी आणि ओठांवरचा भाग हात बसल्यावर.

दाढीने काय सांगितलं

दाढी ओढली जाते पण जळजळ नाही: दुसरी पायरी कमी पडली. पुन्हा पातळ गंध काढा आणि थेंबाथेंबाने वर या.

केसच धरत नाही: पहिलीच पायरी अपुरी. मार्कर लावून पहिल्यापासून.

नीट कापतं पण नंतर गाल चरचरतो: बहुतेक वेळा दाब जास्त झाला किंवा शेवटच्या पाण्यात गंध उरलं होतं. दगड धुऊन पाण्यावर वीस-तीस अगदी हलके हात आणि परत पट्टा.

पात्याच्या एकाच भागात खराब: ते ठिकाण दगडाला टेकत नाही. दगड सपाट आहे का ते आधी पाहा, मग हात.

एका वेळी एकच बदल करा. दगड, गंध, दाब, पट्टा सगळं एकदम बदललं तर सुधारणा कशाने झाली हे कधीच कळणार नाही. मी एक छोटी वही ठेवली होती: कोणता वस्तरा, किती थेंब, किती हात, दाढी कशी झाली. सहा महिन्यांनी तीच माझ्या दगडाची माहितीपुस्तिका झाली.

सांभाळ

जुने वस्तरे कार्बन पोलादाचे असतात. मुंबईच्या किंवा कोकणाच्या पावसाळ्यात रात्रभर ओलं पातं मुठीत बंद करून ठेवलं तर सकाळी तांबूस ठिपके दिसलेच म्हणून समजा, आणि ते धारेवर आले तर सगळी मेहनत पाण्यात. दाढी झाली की धुवा, कोरड्या कापडाने पाठीकडून धारेकडे पुसा, तासभर उघडंच ठेवा, आणि पावसाळ्यात शिलाई मशीनच्या तेलाचा पुसट हात द्या. न्हाणीघरात ठेवू नका. आपला वस्तरा दुसऱ्याला दाढीसाठी देऊ नका आणि दुसऱ्याचा घेऊ नका, सूक्ष्म जखमांतून रोग पसरतात.

दगडाला एवढं लागत नाही. धुऊन सावलीत वाळवा. उंचावरून पडू देऊ नका, पिवळा थर ठिसूळ आहे. वस्तऱ्यांनी दगड फार हळू झिजतो, तरी अधूनमधून पेन्सिलच्या चौकटी आखून सपाटपणा पाहत जा. स्वयंपाकघरातल्या सुऱ्या त्यावर लावू नका. लागतात चांगल्या, पण मध्ये खळगा पडतो आणि वस्तऱ्याला मग तो दगड चालत नाही.

रोज पट्टा नीट मारला तर धार बरेच आठवडे टिकते. थोडीशी ओढ जाणवायला लागली की लगेच दाट गंधाकडे जाऊ नका. दगड ओला करा, स्वच्छ पाण्यावर तीस हलके तिरके हात, मग पट्टा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच धार परत येते. नाही आली तर छोटा तुकडा दोन-चार वेळाच उगाळून अगदी पातळ गंध काढा आणि तिथून पाण्यापर्यंत या.